नाचनबोरच्या वाटेवर

उज्जैनला रेल्वेचा पूल ओलांडला की माधवनगर लागतं. कागदोपत्री माधवनगर, बोलण्यात फ्रीगंज. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं नाव मिरवणारी ही सरळ रस्त्यांची वस्ती जुन्या उज्जैनच्या गल्ल्यांहून निराळी आहे. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी घरं इथं राहिली. या भागातून देवासचा रस्ता निघतो. देवास चाळीसेक किलोमीटरवर, तिथून इंदूर तेवढंच. एक शिंद्यांचं, एक पवारांचं, एक होळकरांचं. मराठी माणसाच्या मनातला माळवा बहुतेक वेळा या तीन गावांत संपतो.

पण देवास जिल्हा, जो आजही उज्जैन संभागात मोडतो, तो दक्षिणेकडं खूप लांब पसरला आहे. काळ्या मातीचं पठार संपतं, विंध्याचे उतार सुरू होतात आणि डोंगर खाली नर्मदेच्या खोऱ्याकडं उतरत जातात. याच उतारावर बागलीच्या बाजूला उदयनगर आहे. आसपासच्या पाड्यांवर भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू राहतात. होळकरशाहीत या डोंगरांतल्या वाटा धोक्याच्या मानल्या जात. अहिल्याबाईंनी भिल्लांना नुसतं दटावलं नाही. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर त्यांचा एक छोटा हक्क मान्य केला, त्याला भीलकवडी म्हणत, आणि वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. डोंगरातल्या माणसाला त्याचा हक्क देऊन वाट सुरक्षित करता येते, हे त्या बाईला कळलं होतं.

पुढं राज्यं गेली, जंगल सरकारचं झालं, जमिनीचे कागद आले. भीलकवडी घेणाऱ्याचा नातू सावकाराच्या ओट्याखाली उभा राहून बियाण्यासाठी पैसे मागू लागला.

या उदयनगरला १८ मे १९९२ रोजी अडतीस वर्षांची एक धर्मभगिनी बदली होऊन आली. नाव सिस्टर रानी मारिया. पुढं पावणेतीन वर्षं त्या इथं होत्या. माळव्याच्या अलीकडच्या इतिहासातलं हे प्रकरण मराठीत फारसं कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यांचं जन्मगाव केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातलं पुल्लुवळी. जन्म २९ जानेवारी १९५४. वडील पैली, आई एलिस्वा, घराणं वट्टालिल, शेतकरी कुटुंब. सात भावंडांत ही दुसरी. बाप्तिस्म्याचं नाव मेरी. सिरो-मलबार ख्रिस्ती घरांत तेव्हा पहाटेची मिस्सा, संध्याकाळची प्रार्थना आणि मधल्या वेळात घरकाम व शेतकाम असा दिवस असे. शाळा संपल्यावर मेरीनं मठात जायचं ठरवलं आणि ३ जुलै १९७२ रोजी ती आपल्या एका चुलत बहिणीबरोबर किडंगूरच्या मठात दाखल झाली.

वसईचे ख्रिस्ती लोक याला पाचारण म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. आपण आमंत्रणाला जातो ते आपल्या सोयीनं, पण पाचारण झालं की जावंच लागतं. मात्र त्यात एका क्षणात आभाळ फाटून आवाज येत नाही. त्याची एक रीत आहे. आधी उमेदवारी, मग नवदीक्षितेचा काळ. या काळात मुलीला स्वयंपाक, शिवण, प्रार्थना, मौन, पंथाचा इतिहास सगळं शिकावं लागतं आणि कोणत्याही दिवशी घरी परत जायची मोकळीक असते. त्यानंतर पहिली व्रतं : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. काही वर्षांनी तीच व्रतं कायमची घ्यायची. मेरीनं पहिली व्रतं १ मे १९७४ रोजी घेतली, अखेरची २२ मे १९८० रोजी. मधली सहा वर्षं मन बदलायला पुरेशी होती, ते बदललं नाही.

ती ज्या संघात गेली तो फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघ १८८८ मध्ये केरळात चंगनाशेरीला सुरू झाला. असिसीचा फ्रान्सिस आणि त्याची सखी क्लेअर यांच्या वाटेनं चालणारा, म्हणजे गरिबीला आपलं मानणारा. याच संघातल्या सिस्टर अल्फोन्सा २००८ मध्ये संतपदाला पोचल्या. १९१० ते १९४६ असं त्यांचं जेमतेम छत्तीस वर्षांचं आयुष्य. त्यातला बराचसा काळ आजारपणात, भरणंगानमच्या मठातल्या एका खोलीत गेला. दुखणं सोसणं हीच त्यांची साधना होती. या संघाची एक भगिनी खाटेवरून हलू शकत नव्हती, आणि दुसरी पुढं डोंगरातल्या पाड्यापाड्यावर चालत फिरणार होती. एकाच घरच्या या दोन बाया मला शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

कारण मठाची भिंत हा जुना विषय आहे. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये सांता मोनिकाच्या मठाची पायाभरणी झाली. पूर्वेकडच्या देशांतला स्त्रियांचा हा पहिला मोठा मठ. भिंती जाड, खिडक्या उंच. आत गेलेली स्त्री बाहेर येत नसे, नातलगांशी बोलायचं ते जाळीआडून. पोर्तुगीज सरकारनं १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले, नव्या स्त्रिया घेणं थांबलं आणि आतल्या एकेक करून मरेपर्यंत तिथं राहिल्या. कॅथलिक जोगीण म्हणजे भिंतीआडची बाई, हे चित्र शतकानुशतकं असंच होतं. शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या संघांनी त्याला एकोणिसाव्या शतकात मोठी खिंडारं पाडली, तरी संध्याकाळी फाटक बंद होई ते होईच. रोममधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये सगळ्या संघांना सांगितलं की आपल्या मूळ प्रेरणेकडं परत जा आणि आजच्या काळाला ओळखा. मेरी मठात शिरली ती त्यानंतर सातच वर्षांनी. फाटक उघडं असलेल्या पिढीतली ही मुलगी.

व्रतं घेताना तिनं नाव घेतलं रानी मारिया आणि मागणी केली ती उत्तरेकडं जाण्याची. केरळातल्या संघांना उत्तर भारत हे तेव्हा मिशनचं क्षेत्र होतं. भाषा परकी, जेवण परकं, थंडी तर कधी न पाहिलेली. १९७५च्या डिसेंबरात त्या उत्तर प्रदेशातल्या बिजनोरला पोचल्या. आधी शाळेत शिकवलं, मग १९७८ पासून गावांतून सामाजिक काम. १९८३च्या जुलैत मध्य प्रदेशाच्या पूर्व भागात, सतना धर्मप्रांतातल्या ओडगडीला बदली झाली. तिथं नऊ वर्षं. धर्मभगिनीची बदली ही आज्ञापालनाच्या व्रताचा भाग असते. पत्र आलं की निघायचं, जोडलेली माणसं मागं ठेवायची. संसारी बाईला एकदाच माहेर सोडावं लागतं, यांना दर बदलीला.

म्हणजे उदयनगरला आल्या तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. त्यांच्या हाताशी सोळा वर्षांहून अधिक अनुभव होता आणि बोलण्यात सराईत हिंदी.

त्यांनी तिथं काय केलं हे सांगताना भक्तीची पुस्तकं फार लवकर प्रेम आणि करुणेकडं वळतात. मला आधी पावतीबद्दल सांगायचं आहे. मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्याकडं जमिनीच्या हक्काची आणि कर्जाची एक पुस्तिका असते, तिला तिकडं पावती म्हणतात. आपल्याकडं सातबारा, तिकडं खसरा, खतौनी आणि ही पावती. बँकेत कर्ज मागायचं तर पावती हवी, जातीचा दाखला हवा, पटवाऱ्याची सही हवी, कुणाचं काही देणं नाही असा दाखला हवा. यातलं एकेक मिळवायला तहसिलीला हेलपाटे घालावे लागत. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, ग्रामीण बँका १९७५ मध्ये आल्या, एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना १९८० मध्ये देशभर लागू झाली. अनुदान होतं, विहिरीसाठी, बैलजोडीसाठी, बकऱ्यांसाठी पैसे होते. पण दिल्लीहून निघालेला पैसा पाड्यावर पोचायला मध्ये एक साक्षर माणूस लागे, आणि डोंगरातला साक्षर माणूस बहुधा सावकार किंवा त्याचाच कुणी असे.

सावकारीचा हिशेब सरळ होता. पावसाआधी बियाणं द्यायचं, पीक आल्यावर दामदुपटीनं घ्यायचं. पीक बुडालं तर आकडा पुढच्या सालावर. आकडा वहीत, वही सावकाराकडं, अंगठा आदिवासीचा. आकडा फुगला की जमीन पिकवायची सावकारानं आणि त्याच जमिनीवर राबायचं मालकानं.

महाराष्ट्राला हे ओळखीचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरांतून खतं नि वह्या काढून जाळल्या. माणसं मारण्याकडं त्यांचा रोख नव्हता, त्यांना कागद नाहीसा करायचा होता. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळला, सिस्टर रानी मारियांनी लोकांना कागद वाचायला शिकवलं. सावकाराला दोन्हींची सारखीच भीती वाटली असणार, कदाचित दुसऱ्याची अधिक. कारण जाळलेला कागद पुन्हा लिहून घेता येतो.

सिस्टर पाड्यांवर जात, रात्री कंदिलाच्या उजेडात बायकापुरुषांना एकत्र बसवत, योजना समजावून सांगत. बायकांचे बचतीचे गट बांधत. अर्ज भरून देत आणि मग त्या माणसाला घेऊन बँकेत, तहसिलीत जात. आपण एकट्या जात नसत, ज्याचा अर्ज त्याला बरोबर नेत. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. खिडकीपुढं उभं राहून आपलं नाव सांगणं, नाही म्हटलं तर का म्हणून विचारणं, हे त्या माणसाला स्वतः करायला लावण्यात सगळी शिकवण होती. कुणी आदिवासी पोलीस ठाण्यात अडकला तर जामिनासाठी धावपळही त्या करत. हळूहळू सावकाराच्या ओट्यापुढची माणसं कमी झाली.

त्याच काळात राजकारणही हललं. पंचायतींना घटनेचं बळ देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि तिच्या आधारानं पंचायतीच्या निवडणुका घेणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. आरक्षित जागांमुळं पाड्यावरची माणसं पंच होऊ लागली. पिढ्यान्पिढ्या ज्यांचं चाललं त्यांना हे एकामागून एक खटकत गेलं आणि त्यांना बोट दाखवायला समोर एक परप्रांतीय, परधर्मीय, एकटी बाई होती.

धर्मांतराचा आरोप मध्य प्रदेशात नवा नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा मिशनऱ्यांच्या कामावरचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि १९६८ मध्ये राज्यानं धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्या वादाला दोन बाजू आहेत आणि तो इथं सोडवायचा नाही. उदयनगरपुरतं मात्र दिसतं ते असं : चीड कर्जाच्या वहीवरून होती, भाषा धर्माची वापरली गेली. ज्याच्या हातून त्यांचा खून झाला त्या समुंदरसिंह या तरुणानं पुढं अनेक मुलाखतींत हेच सांगितलं, की ही बाई लोकांना बाटवते असं आपल्या मनात भरवलं गेलं, आपण चिथावणीला बळी पडलो.

२५ फेब्रुवारी १९९५, शनिवार. सिस्टर रानी मारियांना इंदूरमार्गे भोपाळला आणि तिथून केरळला, घरी जायचं होतं. सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. त्याच बसमध्ये समुंदरसिंह आणि त्याचे साथीदार होते. शेरेबाजी सुरू झाली. वीसेक किलोमीटरवर नाचनबोरचा डोंगर लागतो, तिथं बस थांबवून त्यानं रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडला. घाटात नारळ फोडणं आपल्याकडंही नित्याचं, वाट निर्विघ्न पार पडावी म्हणून. तो परत बसमध्ये चढला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. एक तुकडा सिस्टरपुढं केला आणि मागं घेतला. आज एवढा आनंद कशाचा, असं त्यांनी विचारल्याचं सांगतात. उत्तरादाखल सुरा निघाला.

पहिले वार बसमध्ये झाले. मग त्यांना खाली ओढून रस्त्याकडेला वार होत राहिले. अंगावर चौपन्न जखमा आढळल्या. बसमध्ये प्रवासी होते, सोडवायला कुणी पुढं आलं नाही. येशूचं नाव घेत त्या गेल्या. ज्या वाटांवरून जाणाऱ्याला वाचवण्याची जबाबदारी दोनशे वर्षांपूर्वी भिल्लांना सोपवलेली होती, तिथंच भिल्लांसाठी राबणारी बाई दिवसाढवळ्या मारली गेली आणि देह बराच वेळ तसाच पडून होता. वय एकेचाळीस. दोन दिवसांनी उदयनगरच्या चर्चजवळ त्यांना मूठमाती दिली, तेव्हा पाड्यापाड्यावरून माणसं आली होती.

समुंदरसिंहला जन्मठेप झाली. तो इंदूरच्या तुरुंगात गेला. इथं हकीकत संपली असती तर ती आपल्या देशातल्या शेकडो हकिकतींसारखीच राहिली असती.

स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते, मूळ केरळचे, भगवी वस्त्रं घालणारे, नरसिंहपूरकडं आश्रमात साधेपणानं राहणारे. ते तुरुंगात समुंदरसिंहला भेटू लागले. पहिल्या भेटींत तो सुडानंच पेटलेला होता, ज्यांनी चिथवलं त्यांना सुटल्यावर बघून घेईन म्हणत होता. ते पुन्हा पुन्हा गेले. तो राग ओसरला तेव्हा खाली पश्चात्ताप होता.

रानी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही त्याच संघातली धर्मभगिनी. ऑगस्ट २००२ मध्ये, राखीच्या सणाला, सिस्टर सेल्मी पॉल त्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. भाऊ म्हटलं. पुढं दर वर्षी राखी बांधत राहिल्या. उत्तरेत राखीला जे वजन आहे ते आपल्याकडं भाऊबिजेच्या ओवाळणीला आहे. एकदा भाऊ म्हटलं की त्याचं भलं चिंतणं भाग पडतं, मनात असो वा नसो. केरळातल्या ख्रिस्ती मुलीच्या लहानपणात हा सण नव्हता. क्षमेसाठी तिच्या धर्मात शब्द खूप आहेत, पण समोरच्याला कळेल अशी भाषा तिनं त्याच्या सणातून उचलली. रानी मारिया हिंदी शिकल्या होत्या, सेल्मी पॉल त्याही पुढं गेल्या असं मला वाटतं.

आई एलिस्वाही त्याला भेटली. म्हातारीनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलेलं आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. मी हा प्रसंग कितीदा वाचला तरी त्याच्यापुढं मला जाता येत नाही. आईला काय वाटलं असेल याची कल्पना करायला जावं तर आपलंच मन मागं फिरतं.

मग पुन्हा एक अर्ज झाला. समुंदरसिंहची शिक्षा माफ व्हावी यासाठी रानी मारियांच्या घरच्यांनी आणि चर्चनं सह्या दिल्या. राज्यपालांकडं कागद गेला आणि २००६ मध्ये, अकराएक वर्षांनी, तो सुटून गावी आला, शेती करू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तहसिलीपर्यंत नेणाऱ्या बाईच्या घरानं केलेला हा अर्ज. समुंदरसिंहवर कॅथरिन मॅकगिल्व्हरे यांनी एक माहितीपटही केला, त्यात तो स्वतः बोलतो.

रोममध्ये मात्र एक अवघड प्रश्न चर्चेला होता. कॅथलिक चर्चमध्ये रक्तसाक्षी कुणाला म्हणायचं याचे नियम कडक आहेत. मारणाऱ्यानं श्रद्धेच्या द्वेषानं मारलेलं असावं लागतं. रानी मारिया सावकारीच्या वादात मारल्या गेल्या की श्रद्धेसाठी? हाच प्रश्न एल साल्व्हादोरच्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरोंच्या बाबतीत अनेक वर्षं अडला होता. शेतमजुरांच्या बाजूनं बोलणाऱ्या रोमेरोंना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना गोळी घातली गेली. मारणारेही ख्रिस्ती देशातलेच, मग श्रद्धेचा द्वेष कुठला? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये निर्णय दिला की गरिबाच्या बाजूनं उभं राहणं हेच त्यांच्या श्रद्धेचं रूप होतं, त्यासाठीचा मृत्यू हा श्रद्धेसाठीचाच. दोन वर्षांनी, २३ मार्च २०१७ रोजी, रानी मारियांच्या रक्तसाक्ष्यालाही मान्यता मिळाली. मला यात चर्चच्या एका पदवीपेक्षा मोठी गोष्ट दिसते. बँकेचा अर्ज भरणं आणि प्रार्थना करणं यांत त्या बाईनं जी सीमारेषा कधी आखलीच नव्हती, ती रोमलाही आखता आली नाही.

तोवर, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्यांचे अवशेष कबरीतून काढून उदयनगरच्या चर्चच्या आत ठेवले गेले होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला एका शाळेच्या मैदानावर कार्डिनल अँजेलो अमातो यांनी त्यांना धन्यवादित म्हणून, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवर, घोषित केलं. रक्तसाक्षी म्हणून हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. केरळहून माणसं आली होती, देशभरातले महागुरुस्वामी होते, आणि विंध्याच्या उतारावरून उतरून आलेले भिल्ल, भिलाला, कोरकू बायकापुरुष होते.

त्या गर्दीत समुंदरसिंहही होता. सिस्टर सेल्मी पॉलही तिथंच होत्या.